हात लागला की चाल ठरली

तळा, म्हसळा, मुरूडकडून बुद्धिबळाच्या स्पर्धांना जाणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. माझा राग अजून गेलेला नाही, तेही सांगून टाकतो.

माणगावला एका स्पर्धेत माझी जोडी मुंबईच्या रेटिंगवाल्याशी लागली. मला रेटिंग नाही. बसल्या बसल्याच त्याने विचारलं, "तळा म्हणजे नक्की कुठे?" मधल्या डावात माझ्या उंटाने त्याचा हत्ती जखडला, मागे वजीर. त्याने हत्ती दोन बोटांत धरून चांगला वर उचलला. मग त्याला माझा उंट दिसला. हत्ती होता तिथे ठेवत तो म्हणाला, "ऍडजस्ट," आणि वजीर बाजूला घेतला.

मी घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं. ते तेव्हा दुसऱ्या टोकाच्या पटाशी होते. हा सरळ म्हणाला, "मी फक्त नीट ठेवत होतो." आजूबाजूच्यांनी पटात माना घातल्या. पंचांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाले, "खेळा पुढे." इथे कोणाच्या शब्दाला वजन आहे, ते मला तेव्हाच कळलं. पुढे डाव हरलो. पण त्या क्षणी पट माझा होता, हे मी आजही मांडून दाखवीन.

तर नियम पाठ करा. मोहरा सारखा करायचा असेल तर आधी बोलायचं, मग हात लावायचा. तक्रार तिथल्या तिथेच करा. तुम्ही स्वतःच्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावलात की त्या चालीवर तक्रार करायचा तुमचा हक्क गेला. किल्लेकोट करताना आधी राजा उचला. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट तेव्हा करता येत नाही. समोरचा सारखी बरोबरी मागत असेल, तर प्रत्येक वेळी चालींच्या कागदावर बरोबरचं चिन्ह (=) करा आणि पंचांना सांगा. असं सारखं मागणं हा त्रासच असतो. माझ्याशीही तेच चाललं होतं.

बाकी सराव करा, रात्री नीट झोपा, इंदापूरहून पुढची एसटी वेळेत पकडा.

आणि रेटिंगला घाबरू नका. चारशे गुणांचा फरक असला तरी गणिताप्रमाणे खालच्याला दहा डावांत साधारण एक गुण मिळतोच. 2025 च्या जुलैत बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्याहून वरच्या रेटिंगच्या कोनेरू हम्पीला हरवलं, तेव्हा ती ग्रँडमास्टरही नव्हती. त्या विजयानेच झाली.