बारा काळ पाठ, तरी उत्तर चुकतं

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या अभ्यासिकेत बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, इंग्रजीचे बारा काळ तो न अडखळता म्हणून दाखवेल. सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस, सगळे सूत्रासकट. आणि तोच मुलगा पेपरात 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे वाक्य बरोबर धरून पुढच्या प्रश्नाकडे जाईल. स्पर्धा परीक्षांत माझी उमेदीची वर्षं गेली. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी तालुक्यातल्या मुलांबरोबर इंग्रजीचे पेपर सोडवायला बसतो. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना जे शिकवलं जातं त्यातच खोट आहे, आणि तिची किंमत मी मोजलेली आहे. म्हणून हे लिहितोय.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली राज्यानं ते मराठी शाळांत पहिलीपासून आणलं. म्हणजे आजच्या मुलांना आमच्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली. तरी अडतात ती आम्ही अडलो त्याच जागी. पदवी झाल्यावर घरच्यांनी कांद्याच्या पैशातून नाशिकच्या एका क्लासची फी भरली. तिथं पहिल्याच आठवड्यात छापील तक्ता हातात पडला आणि युक्ती सांगितली गेली: मराठी वाक्याचा शेवट बघायचा. 'तो, ते, ती' असेल तर सिंपल प्रेझेंट, 'त आहे' असेल तर कंटिन्युअस, 'ला आहे, ली आहे' असेल तर परफेक्ट. खाना सापडला की सूत्र लावायचं. वर्गात फळ्यावरची सगळी वाक्यं अशीच सुटत, कारण ती त्या तक्त्यासाठीच रचलेली असत.

परीक्षेत मराठी वाक्य समोर नसतं. बँक भरतीच्या आयबीपीएस क्लार्क पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे, चुकलं की पाव गुण वजा, आणि इंग्रजीचा कटऑफ वेगळा. गणित आणि बुद्धिमत्तेत मी निघालो, इंग्रजीत राहिलो. पुढच्या वेळीही तेच झालं. वडिलांनी कांदा चाळीत ठेवून भाव वाढायची वाट बघायचं सोडून फीसाठी पडत्या भावात विकला होता, हे मला तेव्हा माहीत होतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त व्याकरणाचा नाही.

गोम कुठे आहे ते मला पुढे मराठी व्याकरण नीट वाचताना कळलं. एमपीएससीची मुलं मो. रा. वाळंबे यांचं पुस्तक वाचतात. त्यातही तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार, म्हणजे बाराच खाने. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीत सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. बारा इकडे, बारा तिकडे, म्हणून मुलं एक तक्ता दुसऱ्यावर ठेवतात. पण चौथा प्रकार मुळात जुळतच नाही. 'मी शाळेत चालत जात असे' हा आपला रीती भूतकाळ. इंग्रजीत त्याला परफेक्ट कंटिन्युअस लावला तर वाक्य फसलं, तिथं 'यूज्ड टू' लागतं: 'आय यूज्ड टू वॉक टू स्कूल'. उलट इंग्रजीच्या परफेक्ट कंटिन्युअसला मराठीत स्वतंत्र खानाच नाही. 'मी दोन वर्षांपासून अभ्यास करतोय' हे आपण अपूर्ण वर्तमानकाळात म्हणतो.

उरलेले तीन प्रकार नावानं जुळतात, पण शेजारच्या दोन शेतांचे बांध एका रेषेत नसावेत तशा त्यांच्या हद्दी पुढेमागे आहेत. 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य आहे. इंग्रजीत 'हॅव सीन' म्हटलं की त्या गोष्टीचा धागा आत्तापर्यंत आला, आणि 'यस्टरडे' म्हटलं की ती कालच्या दिवसात बंद झाली. दोन्ही एकत्र बसत नाहीत. म्हणून यस्टरडे, लास्ट इयर, टू डेज अगो, इन २०१९ असं संपलेल्या वेळेचं काही दिसलं की सिंपल पास्ट, मग मराठी वाक्याचा शेवट काहीही असो. जस्ट, ऑलरेडी, येट, सो फार दिसलं की आधी प्रेझेंट परफेक्टचा पर्याय तपासायचा. वाक्यातला काळ क्रियापदात शोधण्याआधी वेळेच्या शब्दात शोधा. माझ्या मते तक्ता पाठ करण्यात जाणारे महिने या एका सवयीला दिले पाहिजेत.

'पासून'नं आपल्या मुलांचे जितके गुण घालवलेत तितके क्वचितच कशानं घालवले असतील. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्हीकडे आपला एकच 'पासून'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', लांबी सांगायची तर 'फॉर'. म्हणून 'आय ॲम स्टडिंग सिन्स टू इयर्स' या वाक्यात दोन चुका आहेत, आणि चूक शोधायच्या प्रश्नात परीक्षक यांतली एकच ठेवतो. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन स्टडिंग फॉर टू इयर्स'.

'पाऊस पडला तर कांदा सडेल.' आपण पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी 'पडला' असं भूतकाळाचं रूप वापरतो. इंग्रजीत तिथं वर्तमानकाळ येतो, 'इफ इट रेन्स', आणि 'विल' फक्त दुसऱ्या अर्ध्यात. व्हेन, टिल, अनटिल, बिफोर, ॲज सून ॲज यांनी पुढची वेळ सांगितली की तिथंही हाच नियम. 'पडला असता तर' आलं की मात्र 'हॅड' लागतं: 'इफ इट हॅड रेन्ड'. शिवाय 'तो म्हणाला की मी येतो' यात आपण बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा ठेवतो. इंग्रजीत 'ही सेड'नंतर 'वुड कम' होतं. त्रिकालाबाधित सत्य असेल तर तेवढा वर्तमानकाळ राहतो.

आणखी एक गोंधळ दोन्ही व्याकरणं एकाच दिवशी करणाऱ्यांचा. 'मुलीने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, क्रियापद आंब्याच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं. सकाळी हे पाठ केलेला मुलगा दुपारी 'द गर्ल एट अ मँगो' हे पॅसिव्ह असल्याचं सांगतो. इंग्रजीत ते ॲक्टिव्हच. प्रयोग आणि व्हॉइस या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, म्हणून त्यांच्या वह्याही वेगळ्या ठेवा.

आपल्या भागाची एक जमेची बाजू कुणी सांगत नाही. मराठीत 'काय करतोस?' म्हणजे आत्ता काय चाललंय हेही, आणि पोटापाण्याला काय करतोस हेही. अहिराणीत 'करस' वेगळं आणि 'करी राहिना' वेगळं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या कानात सिंपल आणि कंटिन्युअसचा फरक आधीच आहे, त्याला तो मराठीतून उलगडून सांगायची गरजच नाही. मी सरळ 'करी राहिना'वरून शिकवतो आणि मुलं पटकन धरतात. दळवट, कनाशीकडच्या मुलांची घरची भाषा कोकणा आदिवासींची कोकणी, शाळेची मराठी, पेपरातली इंग्रजी. त्यांना 'तुमचं मराठीच कच्चं' म्हणून गप्प बसवणारे शिक्षक मी पाहिलेत. तीन भाषा वागवणाऱ्या मुलाला कच्चं म्हणणं हा अन्याय आहे. त्याला त्याच्या घरच्या भाषेत वाक्य बोलायला लावा, मग इंग्रजीकडे न्या.

काळावर सरळ प्रश्न कमीच येतात. ते चूक शोधा, रिकाम्या जागा, व्हॉइस, रिपोर्टेड स्पीच, क्वेश्चन टॅग या वेषांत येतात, म्हणून एका काळाचा अभ्यास पाच ठिकाणी उपयोगी पडतो. २०२३च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीला होते आणि चुकीच्या उत्तराला वजावट नव्हती. पोलीस भरतीच्या लेखीत इंग्रजी नसतं. पहाटे मैदानावर धावून तयारी केलेली कितीतरी मुलं तिथून तलाठीकडे वळली आणि या ५० गुणांसमोर थबकली. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) सीजीएल टियर एकमध्येही इंग्रजीला ५० गुण आहेत, पण तिथं चुकलं की अर्धा गुण जातो. एकाच अभ्यासावर दोन्ही परीक्षा देणाऱ्यानं अंदाजे उत्तर कुठे द्यायचं आणि कुठे नाही हे आधीच ठरवलेलं बरं.

पुस्तकांविषयी थोडं. रेन आणि मार्टिन हे १९३०च्या दशकातलं व्याकरण. पुस्तक उत्तम आहे, पण शंका आली की उघडण्यासाठी. मराठी माध्यमातल्या मुलानं पहिल्या पानापासून वाचत सुटू नये. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला जुनी झाली, पण ती वाक्यं लिहायला लावते, आणि आजच्या गाइडांमध्ये नेमकं तेच नाही.

लिहायचं कसं? आपल्या रोजच्या गोष्टींची वाक्यं करा आणि वेळेचा शब्द बदलून बघा. 'वी हॅव सोल्ड अवर ओनियन्स.' त्यात 'यस्टरडे' घातलं की 'वी सोल्ड'. 'सिन्स मॉर्निंग' घातलं की 'वी हॅव बीन सेलिंग'. 'बाय टुमॉरो' घातलं की 'वी विल हॅव सोल्ड'. एकाच क्रियापदावर हे फिरवलं की तक्ता आपोआप हाताखाली येतो. क्रियापदाची तीन रूपं मात्र पाठच करावी लागतात. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन याला दुसरा उपाय नाही. जुने पेपर सोडवताना बरोबर पर्यायावर खूण करून थांबू नका. उरलेले तीन का चूक, हे प्रत्येकी एका ओळीत लिहा. वेळ खूप लागतो, सुरुवातीला संध्याकाळभरात मोजकेच प्रश्न होतात. होऊ द्या. इंग्रजी वर्तमानपत्र वाचत असाल तर मथळ्यांवरून काळ शिकू नका, कारण घडून गेलेली गोष्टही मथळ्यात सिंपल प्रेझेंटमध्ये असते. बातमीचा पहिला परिच्छेद वाचा आणि क्रियापदांखाली रेघा मारा.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांना तर आता पर्यायच राहिलेला नाही. २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर फक्त पात्रतेचा, २५ टक्के पुरेत. पण ते मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरले जात नाहीत. निबंधात चार पर्याय समोर नसतात. रोज एक परिच्छेद लिहून कुणाकडून तरी तपासून घ्या, तालुक्याच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक विनंती केली तर नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे. आदिवासी उमेदवारांसाठी सरकारचं विनामूल्य स्पर्धा परीक्षापूर्व प्रशिक्षण कळवणमध्येच चालतं. नाशिकची खोली भाड्यानं घेण्याआधी तिथं चौकशी करा.

तरीही क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी दोन दिवस नुसतं बसायला मागा. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' का चूक, हे सरांना विचारा. 'नियमच आहे' एवढंच उत्तर मिळालं, किंवा छापील तक्ता पुढे आला, तर दुसरा क्लास बघा. कारण सांगून शिकवत असतील, वाक्यं लिहून घेत असतील आणि वही स्वतः तपासत असतील, तर पैसे भरा, पण पूर्ण वर्षाचे एकदम नको. घरी कांदा चाळीत असेल, तर तो कधी विकायचा हे वडिलांना ठरवू द्या आणि फीचे हप्ते त्याप्रमाणे पाडून मागा.