सरपंचबाई, आधी ऐकून घे

पोरी, सरपंच झालीस, गुलाल उधळून झाला. आता मामाचं ऐक. ग्रामसेवक म्हणून माझं आयुष्य प्रोसिडिंग लिहिण्यात गेलं. निधीवाचून अडलेली कामं मी पाहिली, पण कुणाचं ऐकूनच घेतलं नाही म्हणून फसलेली कामं त्याहून जास्त पाहिली.

ग्रामसभेत विषय वाचून झाला की लगेच आपलं मत सांगू नकोस. सरपंचाचं मत कळलं की आपली माणसं माना डोलावतात, विरोधातली हट्टाला पेटतात आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो गप्प बसतो. "कुणाला काय म्हणायचंय?" असं विचारलंस की थांब. कुणी बोललं नाही म्हणून घाईनं 'मंजूर' म्हणू नकोस. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो.

आणि माणूस आधी बोलतो ती नुसती तक्रार असते, मनातलं मागाहून येतं. एका सभेत एकजण खांबावरच्या दिव्यावरून तावातावानं भांडत होता. सदस्य म्हणाले, ह्याचं नेहमीचंच आहे. सरपंचांनी त्याला अडवलं नाही, फक्त विचारलं, "दिवा नाही तर तुझ्या घरी अडचण कुणाची होते?" तसा त्याचा आवाज खाली आला. पोरगी तालुक्याच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीनं यायची. फाट्यापासून घरापर्यंत अंधार आणि वाटेत दारूचा गुत्ता. त्या दिवशी फाट्यापासूनचे दिवेही विषयात आले आणि गुत्ताही. त्याला मधेच गप्प केलं असतं तर एक बल्ब बदलून विषय मिटला असता.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायदाच सांगतो. पुष्कळ गावांत वही घरोघर फिरते, सह्या-अंगठे होतात आणि सभा 'झाली'. तू हे होऊ देऊ नकोस. वेळ बायकांना विचारून ठरव. कुठल्या आळीत पाणी किती वेळ येतं हे वॉल्व्ह सोडणाऱ्यापेक्षा नळाला हंडा लावणारीला नेमकं ठाऊक असतं. शेवटच्या वस्तीत पाणी चढत नाही असं कुणी म्हणालं, तर पाणी सुटायच्या वेळेला स्वतः तिथं जाऊन उभी राहा.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. जावईबापू भले आहेत, पण सभेत त्यांना तुझ्या शेजारी बसवू नकोस. लोक तुझ्याकडे बघायचे सोडून त्यांच्याशी बोलू लागतात आणि बायका तर बोलतच नाहीत.

ग्रामसभेला कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, यांत जो आकडा कमी असेल तो. भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. गावाला न विचारता ठराव उरकायची ही सोपी वाट आहे. तू त्या वाटेला जाऊ नकोस. माणसं का आली नाहीत ते वाड्या-वस्त्यांवर जाऊन विचार.

गडचिरोलीतलं मेंढा लेखा तुला ठाऊक असेल. देवाजी तोफांच्या पुढाकारानं त्या गावानं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घ्यायचं ठरवलं. एकाचाही विरोध असला तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो. पण त्याच गावानं 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तुझ्या गावात गटतट आहेत, दरवेळी एकमत व्हायचं नाही. निदान हात मोजण्याआधी विरोध करणाऱ्याला त्याचं कारण तरी विचार. पुष्कळदा त्या कारणातच कामातली खोट सापडते: उताराची गटार, पुढच्या शेताचा बांध, कुणाची वहिवाट.

ते कारण त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहून घे आणि तिथल्या तिथं वाचून दाखव. 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' एवढ्यावरच सही करू नकोस. मग पुढच्या सभेत विषयपत्रिकेवरचं काही घ्यायच्या आधी मागच्या वेळी कुणी काय मागितलं आणि त्याचं काय झालं ते सांग. जे होणार नाही ते होणार नाही म्हणून सांग, कारणासकट. त्या माणसाकडे बघून सांग.