डबा कुणाचा, बोलणी कुणाला

अगं सोने, काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं, बाईसाहेब फणफणल्यात. “ताई, सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, तरी लोक तेच तेच विचारतात!” तुझी पहिलीच लायब्ररी, आख्ख्या टीमने वापरायला घेतलेली. राग येणारच. पण खरं सांगू? नाही वाचत कुणी. मीसुद्धा नाही वाचत. रात्री साडेनऊला, शेवटची बस चुकायच्या बेतात असताना माणूस फंक्शनचं नाव बघतो, कंस उघडतो आणि अंदाजाने भरत सुटतो. तो अंदाज बरोबर ठरला पाहिजे, एवढंच तुझं काम.

मावशीची बासुंदी आठवते ना? आईचे मिठाचे आणि पिठीसाखरेचे डबे एकाच मापाचे, स्टीलचे, शेजारी शेजारी. ‘डावीकडचा मिठाचा’ हे आईला पाठ होतं, म्हणून तिने कधी चिठ्ठी लावली नाही. मावशीने मीठ ओतलं आणि बोलणीही तिनेच खाल्ली. तेव्हा मीही हसले होते. आता वीस वर्षं कोड लिहिल्यावर मी पूर्णपणे मावशीच्या बाजूने आहे.

तुझं ते संदेश पाठवायचं फंक्शन बघितलं मी. आधी ग्राहक, मग ट्रू, फॉल्स, ट्रू. हे तीन एकसारखे डबेच की गं! तुला माहीत आहे कुठला ट्रू कशाचा, कारण स्वयंपाकघर तुझं. दुसऱ्याने दोघांची अदलाबदल केली तर कंपायलरही हूं की चूं करणार नाही. त्यांना नावं दे, नाहीतर सरळ दोन वेगळी फंक्शन्स कर. आणि क्रम एकदा ठरला की सगळीकडे तोच ठेव. पीएचपीत मजकुरात शब्द शोधायचा तर स्ट्रपॉसला आधी गवताची गंजी, म्हणजे मजकूर, द्यायची, मग सुई, म्हणजे शोधायचा शब्द. यादीत शोधायचं तर इन-ॲरेला आधी सुई, मग गंजी. त्यात स्ट्रपॉसला शब्द अगदी सुरुवातीलाच सापडला तर उत्तर येतं शून्य, न सापडला तर फॉल्स, आणि साध्या इफमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. नुसतं ‘आहे का?’ विचारणारं फंक्शन यायला 2020 मधली आठवी आवृत्ती उजाडली.

आता माझी फजिती ऐक, आईला सांगितलेली नाही. 2013 ची गोष्ट. हप्त्याची आठवण करून देणारे मेसेज जावास्क्रिप्टमधून पाठवायचे होते. 31 जानेवारी हवी म्हणून मी डेटला 2013, 1, 31 असं दिलं. आता त्या डेटमध्ये वर्ष सरळ, तारीख 1 पासून, पण महिने शून्यापासून! म्हणजे मी मागितली 31 फेब्रुवारी. कुणीतरी म्हणायला हवं होतं ना, की बाई, असा दिवस नसतो? छे. त्याने निमूटपणे पुढचे दिवस मोजले आणि 3 मार्च काढून दिला. लोकांचे हप्ते चुकले, फोन सुरू झाले, तेव्हा कुठे कळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “डॉक्युमेंटेशन वाचलं नव्हतंस?” मी मान खाली घातली. आज कुणी विचारलं तर नाही घालणार.

म्हणून सांगते, तुझ्या लायब्ररीला चुकीचं काही दिलं तर तिने तिथल्या तिथे ओरडलं पाहिजे. आणि ओरडताना नीट बोललं पाहिजे: काय मिळालं, काय हवं होतं. तुझा तो ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणजे सरकारी खिडकीवरचं ‘उद्या या’ आहे बघ.

ते महिन्यांचं खूळ मुळात जावाचं. 1995 मध्ये जावास्क्रिप्ट घाईघाईत तयार झालं तेव्हा तारखेचं सगळं तिथूनच उचललं. जावाने 2014 मध्ये आठव्या आवृत्तीत तारखांची नवी लायब्ररी आणली, तिच्यात महिने 1 पासून. जावास्क्रिप्टचा जुना डेट मात्र आजही तसाच वागतो. बदलला तर जगभरातल्या वेबसाइट बोंबलतील. युनिक्सवाल्या केन थॉम्प्सनना विचारलं होतं, पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलाल? ते म्हणाले, ‘क्रिएट’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई लावेन! फाइल तयार करायचं ते फंक्शन अजूनही ई विनाच आहे. तुझ्या ‘गेटडेटाटू’ या फंक्शनच्या नावाचंही तेच होणार, म्हणून रिलीजच्या आधी नावावर एक दिवस घालवलास तर मला चालेल.

उलटं उदाहरणही देते. पायथनच्या जुन्या यूआरएललिब-टूमध्ये पासवर्ड देऊन एखादं पान आणायचं तर आधी पासवर्ड मॅनेजर, मग हँडलर, मग ओपनर, असा देवीला नवस बोलल्यासारखा सोपस्कार. 2011 मध्ये केनेथ राइट्झची रिक्वेस्ट्स आली आणि तेच काम एका ओळीत बसलं. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच आता आपल्या घरच्या मॉड्यूलच्या पानावर ‘ती वापरा’ म्हणून सुचवतं. पण त्या लाडक्या लायब्ररीतही एक खड्डा आहे बरं का. टाइमआउट तुम्ही दिला नाही तर ती स्वतःहून काहीच धरत नाही, समोरचा सर्व्हर गप्प बसला की हीही बसून राहते. न सांगता मिळतं ते सुरक्षित असावं. नेमकं तेच सगळे वापरतात.

पुढच्या वेळी आतलं काही लिहायच्या आधी वापरणाऱ्याच्या चार ओळी लिही, फंक्शन अस्तित्वातच नसताना. त्या लिहिताना तुझेच हात अडखळले तर तिथेच थांब. आणि सोमवारी त्या नव्या मुलाला तुझी लायब्ररी दे, शेजारी खुर्ची टाकून बस. तो जिथे थबकेल ते वहीत लिही, पण तोंड उघडायचं नाही. “अरे, तो दुसरा पॅरामीटर…” असं म्हणायचंसुद्धा नाही. फार अवघड जातं गं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा चार मिनिटांत बोलून बसले होते.