कुंडीतला कढीपत्ता आणि इथले पाणी



आपल्यातील बहुतेक घरांच्या मिर्पेसेतवर कढीपत्त्याची एक तरी कुंडी असते. ती वर्षभरात का मरते, असे आम्हांला पुष्कळजण विचारतात. उत्तर देण्यापूर्वी आमचीच चूक सांगतो.

आम्ही बीर शेवा येथे राहतो. दिमोनाच्या एका भगिनीने आपल्या अंगणातील झाडाच्या मुळाशी फुटलेले रोप आम्हांला दिले होते. पहिल्याच हिवाळ्यात त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. झाड तहानले असे समजून आम्ही रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. पुरीमपर्यंत रोप गेले. कुंडी पालथी केली, तेव्हा मुळे काळी, मऊ व कुजट वासाची निघाली. मुलांना "आधी विचार करा, मग लिहा" असे सांगणाऱ्या मास्तरांनी विचार न करता पाणी ओतले होते!

पहिली गोष्ट : ऋतू. अलिबागेकडे जून ते सप्टेंबर या काळात २,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. बीर शेवा येथे वर्षाला साधारण २०० मि.मी., आणि तोही थंडीत. कढीपत्ता उष्ण प्रदेशातला. थंडी लागली की तो पाने गाळून स्वस्थ बसतो, व तेव्हा त्याला पाणी फार थोडे लागते. म्हणून बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात, विशेषतः शराव सुटला म्हणजे, लहान कुंडीला रोजही पाणी लागेल. ते सकाळी लवकर घालावे.

दुसरी गोष्ट : क्षार. चहाच्या किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच इथल्या नळाच्या पाण्याने कुंडीतही बसतो. कोकणात पाऊस माती धुऊन काढतो. इथे उन्हाळ्यात ते काम आपणच केले पाहिजे. घोट घोट पाणी दिले तर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पानांच्या कडा करपतात. तेव्हा पाणी वरचेवर देऊ नये, पण देऊ तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती धुवावी. कुंडीच्या तळाला छिद्रे हवीतच. खालच्या बशीतले पाणी ओतून टाकावे, कारण २००२ पासून या देशात आढळणारा पट्टेरी टायगर डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. नेगेवच्या अंगणातील बारीक माती कुंडीत भरू नये, ती भिजून थापली जाते. मश्तेलातून कुंडीसाठीची भुसभुशीत माती आणावी.

तिसरी गोष्ट : पिवळेपणा. जुनी, खालची पाने थंडीत पिवळी पडून गळाली तर घाबरू नये. पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडते आहे. मातीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा आपला जुना उपाय इथे चालत नाही. मश्तेलात ईडीडीएचए प्रकारचे आयर्न चिलेट मागावे, व पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात कालवून मातीला द्यावे. त्याचे लाल डाग फरशीवरून सहज निघत नाहीत, हे अगोदरच सांगून ठेवतो. आमच्या घरी त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले आहे.

दिमोनाची ती भगिनी आता हयात नाही. रोप मेल्याचे तिला सांगण्याचा धीर आम्हांला शेवटपर्यंत झाला नाही. ती गेल्यावर तिच्या मुलाला सांगितले. त्याने काही न बोलता त्याच झाडाचा दुसरा फुटवा मुळासकट काढून दिला. त्याला आता चौथा हिवाळा आहे. निम्मी पाने गळाली आहेत, आणि आम्ही रोज फक्त बोट घालून पाहतो.

त्याच्या मुळाशी दोन नवे फुटवे आले आहेत. पेसाहनंतर ऊब आली की ते वेगळे करू. ज्यांना हवे असतील त्यांनी तळाला छिद्र असलेली कुंडी घेऊन यावे.