न उच्चारलेले वाक्य : विधानातील गृहीतक ओळखणे

दूरच्या डोंगरमाथ्यावर धूर दिसला की पाहणारा म्हणतो, 'तेथे आग लागली आहे.' कारण विचारले तर 'धूर दिसतो आहे ना!' एवढेच उत्तर मिळते. या दोन वाक्यांच्या मध्ये एक तिसरे वाक्य दडलेले आहे : जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो. ते कोणी उच्चारत नाही. मात्र ते काढून घेतल्यास धुरावरून आगीपर्यंत पोहोचण्याची वाटच उरत नाही.

धूर आणि अग्नी यांच्यातील या नियत संबंधाला भारतीय न्यायशास्त्रात 'व्याप्ती' म्हणतात. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात हेच उदाहरण आढळते. स्वतःपुरते अनुमान मनातल्या मनात होते. दुसऱ्याला पटवून द्यायचे असेल, तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव मांडावे लागतात. व्याप्ती उघडपणे सांगितली जाते ती 'उदाहरण' या अवयवात. नित्याच्या बोलण्यात नेमका हाच अवयव गाळला जातो.

स्पर्धा परीक्षांतील 'विधान व गृहीतके' हा प्रश्नप्रकार या गाळलेल्या जागेवरच आधारलेला असतो. संघ लोकसेवा आयोगाने 2011 पासून पूर्वपरीक्षेत आणलेल्या कलचाचणीच्या प्रश्नपत्रिकेतही उताऱ्यामागील गृहीतके ओळखण्याचे प्रश्न विचारले जातात.

रेल्वेस्थानकावरील एक सूचना पाहा : 'विनातिकीट प्रवास करू नका. पकडले गेल्यास दंड भरावा लागेल.' काही प्रवासी तिकीट न काढण्याचा संभव आहे, हे येथे गृहीत धरले आहे. तसा संभवच नसता, तर सूचना लावण्याचे प्रयोजन राहिले नसते. दंडाच्या भीतीने निदान काही जण तिकीट काढतील, हेही गृहीतच आहे. परंतु 'विनातिकीट प्रवास करणारा प्रत्येक जण पकडला जातो' हे गृहीतक नव्हे. 'पकडले गेल्यास' या शब्दांतच न पकडले जाण्याची शक्यता मान्य केलेली आहे. 'प्रत्येक', 'फक्त', 'नेहमीच' असे शब्द पर्यायात आले की विद्यार्थ्याने थबकावे. 'तिकिटविक्रीतून रेल्वेला उत्पन्न मिळते' हा पर्याय तर अधिकच फसवा. विधान खरे आहे. पण या सूचनेला त्याचा आधार लागत नाही.

खरे असणे आणि गृहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळसे गुण येथेच गमावले जातात. 'ग्रहणात शिजवलेले अन्न टाकून द्यावे, नाहीतर आजारपण येईल' या सल्ल्यामागे ग्रहणाने अन्न दूषित होते असे गृहीतक आहे. ते असत्य आहे, तरीही सल्ल्यात ते अध्याहृत आहेच.

पडताळणीची रीत सोपी आहे. सुचवलेले गृहीतक नाकारून पाहावे. नाकारताच मूळ विधान कोसळले, तर ते गृहीतक होय. दिशाही सांभाळावी लागते. जेथे धूर तेथे अग्नी, हे ठीक; पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण नैयायिकांनी त्यासाठीच दिले आहे.

परीक्षेबाहेर हे कौशल्य कोठे लागते, ते पुढील वाक्यावरून दिसेल. एक दुकानदार अर्जदाराविषयी म्हणतो, 'याने आठवीनंतर शाळा सोडली. म्हणून दुकानाचा हिशेब याला जमणार नाही.' यात दोन गृहीतके आहेत. आठवीपर्यंतचे गणित दुकानाच्या हिशेबाला पुरत नाही, हे पहिले. शाळेबाहेर कोणी हिशेब शिकू शकत नाही, हे दुसरे. यांपैकी कोणतेही एक नाकारले तरी निष्कर्षाचा आधार जातो. अर्जदार 'मला जमेल' एवढेच म्हणत राहिला, तर तो केवळ निष्कर्षाशी भांडतो. त्याने भाजीच्या गाड्यावर सांभाळलेली उधारीची वही पुढे ठेवली, तर घाव दुसऱ्या गृहीतकावर बसतो. दुकानदाराला मग आपले म्हणणे नव्या आधारावर मांडावे लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते.

पाठगत प्रश्न

विधान : 'अर्जाची मुदत संपत आली आहे, म्हणून अभ्यासकेंद्राने अंतिम तारीख फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिली.'
(अ) काही विद्यार्थी तरी फलक वाचतात.
(आ) एकाही विद्यार्थ्याला अंतिम तारीख ठाऊक नाही.
यांपैकी कोणते गृहीतक विधानात अध्याहृत आहे? प्रत्येक पर्याय नाकारून पाहा आणि उत्तराचे कारण दोन वाक्यांत लिहा.