कार्ड हातात येईपर्यंत

आशागड, ता. डहाणू
8 फेब्रुवारी 2026

चि. सौ. सोनू हिस,


परवा महालक्ष्मीला गेले होते. देवळाच्या आवारात चिंचणीच्या काकू भेटल्या. त्यांची लेक अमेरिकेत तुमच्याच एडिसनला असते. म्हणाल्या, "तुमची सोनू आता डबे देते म्हणे, रोख पैसे घेऊन." मी "असेल बाई" म्हटलं आणि ओटी न भरताच परत फिरले. वहिनीला बोलले नाही. दादाला तर नाहीच, त्याचं बीपी तुला ठाऊक आहे. आधी तुलाच विचारते, हे खरं आहे का?

खरं असेल तर पत्र खाली ठेव आणि आजच बंद कर.

तुझ्या कामाच्या परवानगीचं कार्ड वाढवायला लागणारे कागद जावयांच्या कंपनीने उशिरा दिले, यात तुझा दोष नाही. पूर्वी अर्जाची पावती असली की जुन्या कार्डावर 540 दिवसांपर्यंत काम करता यायचं. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या अर्जांना ती सवलत नाही, आणि तुझा अर्ज गेला नोव्हेंबरात. जानेवारीत कार्ड संपलं, दुसऱ्या दिवशी नोकरी थांबली. हे सगळं तूच मला फोनवर समजावलंस, मी वहीत लिहून घेतलं. मग डबे देणं हेही कामच, हे तुला कोणी सांगायला हवं होतं का? उद्या ग्रीन कार्डाच्या अर्जात विचारतील, परवानगी नसताना कधी काम केलंत का? काय लिहिशील? दादाची मुलगी खोटं लिहील?

मी एवढी का चिडले ते सांगते. घरात हे कोणालाच ठाऊक नाही.

कोसबाडला मी बालवाडीचं शिक्षण घेतलं, तेव्हा अनुताई वाघ तिथे होत्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि तरी त्या बाईने शिकून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पोरांसाठी आयुष्य घातलं. हे डोळ्यांनी बघूनही मी काय केलं? तुझ्या आतोबांची बदली झाली आणि कोणी सोड म्हणण्याआधीच बालवाडी सोडली. चार वर्षांनी परत आलो तेव्हा जागा भरलेली. घरात बसवेना. डहाणूत एका फुग्यांच्या कारखान्यात जाऊ लागले, हजेरीपटावर नाव न घालता. फुगे मोजायचे, एकशे चव्वेचाळीस झाले की पिशवी बांधायची. पावडर नखांत, केसांत, भुवयांवर. रात्री भाताच्या घासालाही रबराचा वास यायचा. दोन महिन्यांचे पैसे थकले म्हणून विचारायला गेले, तर मुकादम वही उलटून म्हणाला, "बाई, तुझं नाव कुठंय यात?"

मी तशीच चालत स्टेशनपर्यंत आले. मला राग आला नाही सोनू, लाज वाटली. चूक त्याची होती आणि लाज मला वाटली. तुझ्यावर ती वेळ नको, म्हणून पुन्हा सांगते, कार्ड हातात येईपर्यंत एक डॉलरही घेऊ नकोस.

तू हे पैशासाठी करत नसणार, हे मला कळतं. सकाळी जावई गेले की घर खायला उठत असेल. तुझ्या मैत्रिणीचा नवरा एल-1 व्हिसावर, म्हणून तिला 2021 पासून कामासाठी वेगळं कार्ड लागत नाही. तू तिच्याइतकीच शिकलेली, पण तुला एच-4 व्हिसावर नवऱ्याच्या कागदामागे रांगेत उभं राहावं लागतं. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणणार. पण एच-4 च्या काही बायकांना 2015 साली मिळालेली कामाची परवानगी अजून मोडलेली नाही. तिच्याविरुद्धचा दावा ऐकायला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबरात नकार दिला. म्हणजे कार्ड येईल. उशिरा येईल, पण येईल.

तोवर शिक. एच-4 वर शिकायला आडकाठी नाही, तूच म्हणाली होतीस. आणि स्वयंपाकाला हात शिवशिवले तर एखाद्या बाळंतिणीला डबा नेऊन दे, पैसे न घेता, शेजारधर्म म्हणून. माझ्या हातची वालाची उसळ तुला जमते, ती कर.

काकूंचं ऐकून मी भलतंसलतं लिहिलं असेल तर पोटात घाल. खोटं निघालं तर मी महालक्ष्मीची राहिलेली ओटी भरून येईन. खरं निघालं तरी भरेन.

चिकूच्या चकत्या गच्चीवर वाळत घातल्यात. मार्चमध्ये चिंचणीचं कोणी तिकडे यायचं आहे, त्यांच्याबरोबर पाठवते.

गेले दोन रविवार तू कॅमेरा बंद ठेवून बोललीस. वहिनीला वाटलं नेट नसेल. येत्या रविवारी चालू ठेव. केस विंचरलेले नसले तरी चालेल, मला तुझं तोंड बघायचंय.

तुझी,
आत्या