दहशतवादाला लष्करी उत्तर : कोळीवाड्यात शिकलेला एक धडा

७ मे २०२५ ची सकाळ आठवते ना? मध्यरात्रीनंतर 'ऑपरेशन सिंदूर' झालं होतं आणि होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणा चालल्या होत्या, मीही देत होतो. त्या गर्दीत आमच्या विंगमधला एक मित्र मात्र नव्हता. तो रत्नागिरीकडचा, मुसलमान. एरवी मॅच असली की पुढची खुर्ची त्याचीच! त्या दिवशी त्याच्या खोलीचं दार बंद होतं. कारण मला माहीत होतं. पहलगामनंतर आमच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड येत होते, ते तोही वाचत होता. मी स्वतः एकही पाठवला नव्हता, पण एकालाही अडवलं नव्हतं.

रात्री घरी फोन केला. घर म्हणजे वरळी कोळीवाडा. जुना किल्ला, समोर सी लिंक आणि किनाऱ्याला आमच्या होड्या. बाबाला म्हटलं, "बघितलंस का, घुसून मारलं!" बाबा म्हणाला, "मारलं ते बरंच केलं. पण आजीला विचार, त्र्याण्णव साली काय झालं होतं." तिथून या अभ्यासाला सुरुवात झाली. प्रश्न दोनच. दहशतवाद्याला नेमकं काय हवं असतं? आणि त्यातलं सैन्य किती रोखू शकतं?

१२ मार्च १९९३

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. ती जखम ओली असतानाच १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी, शहरात ओळीने स्फोट झाले. २५७ माणसं गेली. आमच्या जवळचा स्फोट सेंच्युरी बाजारचा. तिकडे माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब टाकले गेले. स्फोटकं आली होती समुद्रातून, रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला. म्हणजे आमच्याच दर्यातून!

आता पुन्हा दंगल पेटणार, अशी सगळ्यांना धास्ती होती. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर, न झालेला एक जादा स्फोट सांगितला, मुस्लीम वस्तीच्या मशीद बंदरचा. स्फोटाची खरी ठिकाणं हिंदूबहुल होती, म्हणून आपण हे मुद्दाम सांगितलं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. सरकारने खोटं बोलावं का, यावर वाद होऊ शकतो. पण स्फोटाचा खरा रोख कुठे आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि त्या वेळी दंगल पेटली नाही. सोमवारी शेअर बाजार पुन्हा उघडला.

आजी सांगते, आमच्या होडीचं इंजिन तेव्हा माहीमचे एक मुसलमान मिस्त्री बघायचे. स्फोटांनंतर आठ दिवस ते फिरकले नाहीत. इंजिन बंद, होडी किनाऱ्याला. शेवटी आजोबा स्वतः माहीमला गेले आणि त्यांना घेऊन आले. गल्लीत दोघा-चौघांनी तोंडं वाकडी केली. आजोबा एवढंच म्हणाले, "बॉम्ब टाकणारा मला ठाऊक नाय. हा ठाऊक हाय." आज त्या मिस्त्रींचा मुलगा आमचं इंजिन बघतो.

२६ नोव्हेंबर २००८

पंधरा वर्षांनी पुन्हा तोच दर्या. पोरबंदरचं 'कुबेर' नावाचं मासेमारी जहाज पळवून दहा दहशतवादी आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी रबरी होडीतून उतरले. १६६ बळी गेले. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना, गोळ्या अंगावर घेत कसाबला धरून ठेवलं. एनएसजीच्या कमांडोंनी २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधली लढाई संपवली. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाउसमध्ये हवालदार गजेंदरसिंह शहीद झाले.

त्या वेळी भारताने पाकिस्तानवर हल्ला केला नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ च्या 'चॉइसेस' या पुस्तकात लिहिलंय, की सुरुवातीला आपलं मत प्रत्युत्तर द्यावं असंच होतं. पण हल्ला केला असता तर पाकिस्तानातली जनता तिथल्या लष्कराच्या मागे एकवटली असती आणि जगाचं लक्ष मूळ गुन्ह्यावरून उडालं असतं. या संयमाला आजही अनेकजण दुबळेपणा म्हणतात आणि त्यांचा राग खोटा नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांना संयम कसा शिकवणार?

पण त्याच वेळी मुंबईत दुसरं उत्तर दिलं गेलं. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनासाठी जागा नाकारली. एकही गोळी न झाडता दिलेलं उत्तर!

मग किनाऱ्यावर पहारा वाढला. मच्छीमारांना ओळखपत्रं आली, होड्यांची नोंदणी कडक झाली. बाबा अजून कुरकुरतो, "दर्या आमचा आणि कार्ड आम्हीच दाखवायचं!" तरी दर्यावर जाताना कार्ड न विसरता खिशात घालतो.

सैन्य काय करू शकतं?

२०१६ मध्ये उरीनंतर सर्जिकल स्ट्राइक झाला, २०१९ मध्ये पुलवामानंतर बालाकोट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं, त्यात आपल्या महाराष्ट्राचे सहा. मारण्याआधी धर्म विचारला. का विचारला? ७ मेच्या पत्रकार परिषदेत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं, की देशात धार्मिक तेढ पेटवणं हाही या हल्ल्याचा हेतू होता. त्यांच्या शेजारी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग बसल्या होत्या. पर्यटकांना वाचवताना मारला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह मुसलमान होता. पुढे पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळे पडले, तेव्हा हिंदू, मुसलमान, शीख सगळेच मेले.

ऑपरेशन सिंदूरमध्ये नऊ तळ ठरवून मारले आणि १० मेला गोळीबार थांबला. लक्ष्य ठरवणं, मारणं आणि थांबणं, हे सैन्याचं काम. लक्ष्याची व्याख्या सैल झाली की काय होतं, ते अमेरिकेकडे बघा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अध्यक्ष बुश 'क्रुसेड' म्हणजे धर्मयुद्ध हा शब्द बोलून गेले आणि सारवासारव करावी लागली. हल्ल्यानंतर चारच दिवसांत ॲरिझोनात एका पेट्रोल पंपवाल्याचा खून झाला, अरब मुसलमान समजून. तो शीख होता! अफगाणिस्तानात वीस वर्षं लढून २०२१ मध्ये अमेरिका परतली, तेव्हा काबूल तालिबानच्याच हातात होतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर

व्हायब्रेशनच्या तासाला आपण शिकलो, की बळ छोटं असलं तरी ते रचनेच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी जुळलं की रेझोनन्स होतो आणि अख्खी रचना हादरते. दहा माणसं देश जिंकू शकत नाहीत, त्यांनाही ते ठाऊक असतं. ते आपली जुनी कंपनसंख्या शोधतात, ती म्हणजे धर्म. हादरा देणाऱ्याला सैन्याने मारलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आतलं डॅम्पिंग सैन्य पुरवू शकत नाही. ते माहीमला गेलेल्या आजोबांनी पुरवलं, कब्रस्तानच्या विश्वस्तांनी पुरवलं. होस्टेलमध्ये ते मी पुरवायला हवं होतं आणि मी गप्प बसलो.

फोन ठेवल्यावर आईने दिलेलं सुकट घेऊन मित्राच्या खोलीवर गेलो. त्याने दार उघडलं. "आता आठवण आली?" एवढंच म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री मेसच्या भाकरीबरोबर आम्ही ते सुकट खाल्लं, बोललो फारसं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पहिला फॉरवर्ड आला तेव्हा मी लिहिलं, "हे काढ." तीन जण माझ्यावर चिडले, एकाने ते काढलं.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी (ती न येवो!) असा काही मेसेज आला तर एकदा तपासून बघा. त्यात गुन्हेगाराचं नाव आहे, की शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या धर्माचं?

जय हिंद!